पाटणचा मठ ते दुधाळ्याचे शिवार

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव असून भोवतालच्या शिवारात हळद, सोयाबीन आणि कापूस ही पिके घेतली जातात. गणित आणि भौतिकशास्त्र यांच्या इतिहासात या परिसराचे नाव घेण्याचे कारण अगदी अलीकडचे आहे. बाळापूरच्या पश्चिमेस, याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा या गावाच्या शिवारात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे, आणि त्यामुळे आजवर पुण्या-मुंबईच्या वर्तुळात राहिलेले मूलभूत संशोधन प्रथमच मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात वास्तव्यास येत आहे. या घटनेकडे केवळ एका मोठ्या सरकारी प्रकल्पाची नोंद म्हणून पाहिले, तर तिचा अर्थ अर्धाच हाती लागतो. कारण विद्येची केंद्रे आणि त्यांच्याभोवती राहणारा समाज यांच्यातील देवाणघेवाणीचा महाराष्ट्रातील इतिहास बराच जुना आहे, आणि दुधाळ्याचा प्रकल्प त्या देवाणघेवाणीला एक अपूर्व वळण देणारा आहे.

त्या जुन्या इतिहासाचा सर्वांत बोलका पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे दगडावर कोरलेला आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा, शके ११२८ चा निर्देश असलेला हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये सिद्धीस नेणारे गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता, आणि त्याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन-अध्यापन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केला, असे लेखावरून कळते. मठ या शब्दाने आज जे चित्र डोळ्यांपुढे येते त्याहून हा मठ वेगळा होता. एका विशिष्ट गणिती परंपरेचे पठण, विवरण आणि प्रसार हे त्याचे घोषित प्रयोजन होते, आणि त्या अर्थाने आजच्या भाषेत त्याला संशोधन व अध्यापनाचे केंद्र म्हणण्यास हरकत नाही.

लेखाचा प्रारंभीचा भाग संस्कृतात असून त्यात राजवंशांची आणि पंडितांची स्तुती आहे. पण जेथे प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विषय येतो तेथे भाषा बदलते आणि लेख जुन्या मराठीत बोलू लागतो. निकुंभ वंशातील सोइदेव या मांडलिकाने श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, सर्व लोकांच्या समक्ष हातावर पाणी सोडून मठाला दान दिले, बाजारात येणाऱ्या मालावरील राजभागाचा काही अंश मठाकडे वळवला, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला मिळावे असे ठरवून दिले. राजाच्या स्तुतीत ज्याचे नाव येणार नाही असा तेली, धान्य विकणारा आणि गिऱ्हाईक हे सर्व या मजकुरात येतात. त्यांना कळावे म्हणूनच येथे मराठीची योजना झाली असावी, असे मानणे सयुक्तिक ठरते. दानाचा मुहूर्तही लक्षणीय आहे. ग्रहण हे धार्मिक पुण्यकाल असले, तरी त्याची घटिका आधी सांगता येणे हेच या विद्येचे सर्वांत ठळक, सर्वांना डोळ्यांनी पडताळता येणारे प्रमाण होते. ज्या शास्त्रासाठी दान दिले जात होते त्याचीच प्रचीती आकाशात दिसत असताना, जमलेल्या लोकांच्या साक्षीने ते दिले गेले. गणिताच्या केंद्राचा याहून समर्पक सार्वजनिक सोहळा कल्पिणे कठीण आहे.

पाटणच्या मठानंतरच्या शतकांत पंचांगकर्त्यांची आणि ज्योतिर्विदांची घराणी महाराष्ट्रात टिकून राहिली, परंतु आधुनिक अर्थाने गणित आणि भौतिकी यांना वाहिलेली संस्था येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टला लिहिलेल्या पत्रातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा जन्म झाला. १ जून १९४५ रोजी बंगळुरू येथे सुरू झालेली ही संस्था त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या बंगल्यात आली, पुढे गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या आपल्या वास्तूत स्थिरावली. गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे तिच्या आरंभीच्या सदस्यांपैकी एक होते. परदेशातील नामवंत गणित्यांना काही आठवडे बोलावून व्याख्यानमाला द्यायला लावायची आणि संस्थेतील तरुणांनी त्या व्याख्यानांची टिपणे काढून ती पुस्तकरूपाने सिद्ध करायची, ही तेथील पद्धत जगभर वाखाणली गेली. १९५६ पासून भरू लागलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदांनी तिचे नाव अधिकच दृढ केले. मात्र ही सारी उभारणी तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी केलेली होती. शहरातील सामान्य श्रोत्याला नाट्यगृहात बसवून, चहा घेता घेता प्रश्न विचारू देणारा 'चाय अँड व्हाय?' हा उपक्रम २००९ मध्ये सुरू झाला, तेव्हा संस्था साठी ओलांडून गेली होती.

याच्या उलट, लोकांसाठीचे कार्यक्रम आणि संशोधनाचे कार्यक्रम यांची पायाभरणी एकाच वेळी झाली असे उदाहरण म्हणजे पुण्याचे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच 'आयुका'. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केलेल्या या केंद्राचे संस्थापक संचालक जयंत विष्णु नारळीकर होते. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे मूळचे कोल्हापूरचे. बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असताना त्यांनी आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतावादावर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा अर्थ अवकाश आणि काळ यांच्या वक्रतेतून लावणाऱ्या सिद्धान्तावर, भारतात अध्ययनाची परंपरा निर्माण केली. त्यांचे शिष्य प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वक्षेत्राचे गणिती वर्णन शोधले, जे आज जगभर 'वैद्य मेट्रिक' या नावाने ओळखले जाते. ही वंशावळ सांगण्याचे कारण असे की, गुरुत्वीय लहरींचा शोध हिंगोली जिल्ह्यापर्यंत येण्यामागे केवळ एका परदेशी यंत्राचे स्थलांतर नसून कागद-पेन्सिलीवर चाललेल्या अनेक दशकांच्या भारतीय गणिताची पूर्वपीठिका आहे.

आयुकाची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली आणि २८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. देवळापुढील कुंडाप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणाऱ्या मध्यवर्ती अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि पृथ्वीच्या परिवलनाचा प्रत्यय देणारा फूकोचा लंबक आत झुलत असतो. विद्यापीठांतील प्राध्यापकांना येथे येऊन काही काळ काम करता यावे, ग्रंथालय आणि संगणक वापरता यावेत, आणि परत गेल्यावर आपापल्या गावी संशोधन चालू ठेवता यावे, हा केंद्राच्या संशोधन योजनेचा कणा होता. लहान शहरांतील महाविद्यालयीन अध्यापकाला विद्येच्या मुख्य प्रवाहाशी जोडणारी ही व्यवस्था तिच्या काळात दुर्मीळ होती.

त्याच अंगणात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुले रांगेने येऊ लागली. या दिवशी एखादा शास्त्रज्ञ इंग्रजीत व्याख्यान देई, आणि तोच विषय मराठी किंवा हिंदीतून पुन्हा मांडला जाई. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनी केंद्राचे दरवाजे सर्वांना खुले होत, आणि उन्हाळ्याच्या सुटीत निवडक विद्यार्थी एकेका शास्त्रज्ञाबरोबर आठवडाभर काम करत. दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळेत तर हातांनाच विद्या शिकवली जाई. काचेच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर ठेवून, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची भुकटी घालून, टेबलाभोवती फिरत फिरत त्या तासन्‌तास घासल्या की वरची चकती खोलगट आणि खालची फुगीर होत जाते. भुकटी क्रमाक्रमाने बारीक करत नेली की काचेवरचा पांढुरका खरबरीतपणा जातो, आणि शेवटी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही सूक्ष्म अचूकतेचा अंतर्वक्र आरसा शिक्षक किंवा विद्यार्थी यांच्या हातून तयार होतो. अचूकता ही महागड्या यंत्राची मिरास नसून सबुरीची मिळकत आहे, हे ज्याने असा आरसा घासला त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर स्वाक्षरीऐवजी एक सूचना देत : पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. ही रीत किरकोळ वाटली तरी तिच्यामागे निश्चित विचार होता, कारण तिच्यात मुलाने प्रथम प्रश्न तयार करायचा होता. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या साह्याने उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतही हाच विचार दिसतो. तिच्या इमारतीला सप्तर्षींपैकी एका ताऱ्याचे 'पुलस्त्य' हे नाव दिले आहे, ज्यात दात्याच्या नावाचा नादही जपला गेला. येथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि टाकाऊ डबे यांपासून विज्ञानाची खेळणी बनवून दाखवली. नारळीकरांनी मराठीत लिहिलेल्या विज्ञानकथा आणि 'आकाशाशी जडले नाते' यांसारखी पुस्तके या कार्याचाच विस्तार होती. २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका खगोलशास्त्रज्ञाकडे आले, तो या दीर्घ उद्योगाला भाषेने दिलेला प्रतिसाद होता. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

अंगणात ही वर्दळ चालू असतानाच आतल्या खोल्यांत गुरुत्वीय लहरींचे काम पुढे सरकत होते. अतिशय वस्तुमानाचे दोन पिंड, उदाहरणार्थ दोन कृष्णविवरे, एकमेकांभोवती वेगाने फिरत एकत्र आले की अवकाश क्षणोक्षणी ताणले-आकुंचले जाते, आणि हा क्षोभ प्रकाशाच्या वेगाने दूरवर पसरतो. त्यालाच गुरुत्वीय लहर म्हणतात. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत तिचा परिणाम इतका क्षीण होतो की, मापकातील इतर गोंगाटात तो पूर्णपणे बुडून जातो. १९८९ मध्ये आयुकात आलेले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनी या गोंगाटातून लहर वेचून काढण्याच्या गणिती रीती विकसित केल्या. बाजाराच्या दिवशी कानठळ्या बसवणाऱ्या गलक्यातही आईला आपल्या मुलाची हाक ओळखू येते, कारण ती हाक तिला आधीपासून ठाऊक असते. तद्वत, अपेक्षित लहरींचे हजारो नमुने गणिताने आधीच तयार करून ठेवायचे आणि मापकातून येणाऱ्या नोंदीशी त्यांतील प्रत्येक नमुना ताडून पाहायचा, हे या पद्धतीचे सार आहे. बंगळुरूला बाला अय्यर आणि त्यांचे सहकारी त्याच काळात लहरींच्या आकाराचे सूक्ष्म गणित मांडत होते. ज्या वस्तूचे अस्तित्वच अजून प्रयोगाने दिसलेले नव्हते तिच्यासाठी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे देणारी ही माणसे, मराठी वाचकाने कृतज्ञतेने लक्षात ठेवावीत अशी आहेत.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड या, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर असलेल्या, दोन लायगो वेधशाळांत सात सहस्रांश सेकंदाच्या अंतराने एकच लहर उमटली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकरूप झाली होती, आणि तीन सूर्यांइतके वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने लहरींत गेले होते. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी हा शोध जाहीर झाला आणि अवघ्या सहा दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. ही तत्परता अचानक आलेली नव्हती. भारतीय शास्त्रज्ञांनी २००९ मध्येच 'इंडिगो' हा संघ स्थापन केला होता, आणि हॅनफर्डसाठी आखलेल्या तिसऱ्या मापकाचे भाग बाहेरच्या देशात न्यावेत हा प्रस्ताव ऑस्ट्रेलियाकडून नाकारला गेल्यावर भारताचा दावा पुढे आला होता. दोन मापकांना लहर कळते, पण ती आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे ठरवायला पृथ्वीच्या दूरच्या कोपऱ्यात आणखी मापक लागतात. इटलीतील 'व्हर्गो', जपानमधील 'काग्रा' आणि भारतातील हा मापक यांचे प्रयोजन तेच. ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली आणि ११ मे रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, दिल्लीतून दूरदृश्य प्रणालीद्वारे कोनशिला बसवली गेली. पुण्याच्या आयुकाबरोबर इंदूर, गांधीनगर आणि मुंबई येथील अणुऊर्जा विभागाच्या संस्था हे काम करत आहेत.

जागेची निवड हा या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे. मापकाच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांब असून त्या काटकोनात असतात. लेसरचा एकच किरण दुभागून दोन्ही भुजांतील निर्वात नळ्यांतून पाठवला जातो, टोकांच्या आरशांवरून तो परत येतो, आणि दोन्ही अर्धे पुन्हा एकत्र येताना एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. लहर आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते, आणि अंधाराच्या जागी प्रकाशाचा अंश दिसतो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाएवढा असतो. चार किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीची गोलाईसुद्धा एक मीटरहून अधिक भरते, म्हणून नळी सरळ राखण्यासाठी जमिनीची पातळी त्या हिशेबाने बांधावी लागते. चाळीस किलो वजनाचे काचेचे आरसे केसासारख्या बारीक काचतंतूंनी, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगलेले असतात, जेणेकरून जमिनीची थरथर वरच्या वरच विरून जावी. तरीही रेल्वे, महामार्ग, कारखाने आणि खाणी यांपासून दूर असलेली, खाली कठीण बेसाल्ट असलेली शांत जमीन लागते, आणि ती दुधाळ्यात सापडली. मराठवाड्याच्या ज्या दूरत्वाला आजवर मागासलेपणाच्या खात्यात मांडले गेले, तेच येथे गुण म्हणून मोजले गेले आहे.

या शांततेची किंमत दुसऱ्यांच्या अनुभवावरून समजते. लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेभोवती लाकूडतोडीचे वन आहे. आरंभीच्या काळात झाडे कोसळू लागली आणि जवळून आगगाडी गेली की दिवसा मापक चालवणेच अशक्य होई, आणि अखेर जमिनीचे हेलकावे आधीच शोषून घेणारी द्रवचालित व्यवस्था पायाशी बसवावी लागली. हॅनफर्डला थंड नळ्यांवर साचलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत, आणि तो टकटकाट नोंदीत उमटे. पक्ष्याची चोच ज्या यंत्राला ऐकू येते, त्याला ट्रॅक्टर, बोअरवेलचे यंत्र, खडी फोडणारा क्रशर आणि वळणावर वेग वाढवणारा मालट्रक ऐकू येणारच. म्हणून दुधाळ्याच्या परिसरातील गावे या वेधशाळेची केवळ शेजारी राहणार नाहीत. त्यांच्या रोजच्या हालचालीवर तिची कर्णतीक्ष्णता अवलंबून राहील. पाटणला घाणेवाल्याकडून पळीभर तेल घेतले जात असे आणि ते का घेतले जाते हे त्याच्या भाषेत दगडावर लिहिलेले होते. येथे मागितली जाणारी वस्तू तेलाहून सूक्ष्म आहे, आणि म्हणूनच ती का हवी हे समजावून सांगणारी व्याख्याने, शाळांतील प्रात्यक्षिके व शिक्षकांच्या कार्यशाळा या संशोधनाच्या खर्चातील शोभेची बाब ठरत नाहीत. त्या मापकाचाच एक भाग आहेत. पुण्यातील दुसऱ्या शनिवारची परंपरा आता औंढा, कळमनुरी आणि बाळापूर यांच्या मराठीत बोलू लागली पाहिजे.

हा प्रदेश अशा संवादाला परका नाही. बारा ज्योतिर्लिंगांत गणल्या जाणाऱ्या औंढ्याच्या देवळाचा नंदी मागील बाजूस आहे, आणि संत नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले अशी कथा त्याविषयी सांगितली जाते. नामदेवांचे नर्सी याच जिल्ह्यात आहे. मराठवाड्यात शेतातल्या गोठ्या-निवाऱ्याला आखाडा म्हणतात, आणि राखणीसाठी आखाड्यावर निजणाऱ्या शेतकऱ्याला तिफण, बाज आणि विंचू हे तारकासमूह पुस्तकाविना ओळखता येत.

आकाशाची अशी ओळख असलेल्या या प्रदेशाला अलीकडे पायाखालच्या जमिनीने मात्र अस्वस्थ केले आहे. २१ मार्च २०२४ च्या पहाटे सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी या जिल्ह्यांत ४.५ तीव्रतेचा भूकंप जाणवला व दहा-अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. त्यांचे केंद्र आखाडा बाळापूरच्या परिसरात असल्याचे प्रशासनाने सांगितले. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून घरावर ठेवलेले दगड खाली उतरवावेत, अशी सूचना लोकांना देण्यात आली. १० जुलै २०२४ रोजी कळमनुरी तालुक्यातच पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि भोवतालच्या गावांत जमिनीतून येणारे आवाज तर त्याआधी काही वर्षांपासून चर्चेत होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची आठवण असलेल्या माणसाला असा प्रत्येक आवाज झोपेतून उठवतो. या हादऱ्यांशी प्रकल्पाचा संबंध काय, या प्रश्नावर वेधशाळेने लोकांशी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट बोलले पाहिजे. गुरुत्वीय लहरींचा मापक जमिनीत काहीही सोडत नाही, तो फक्त ऐकतो. स्थानिक भूकंपाने त्याचे आरसे काही काळ डळमळतात, नोंद थांबते, आणि जमीन निवळली की ते पुन्हा जागेवर आणले जातात. आरशांच्या सोबतीला जमिनीवर भूकंपमापक ठेवलेले असतात, आणि मुख्य नोंदीत काही उमटले की आधी त्यांची पट्टी पाहिली जाते. बाळापूरच्या पोटात उठलेला हादरा काही सेकंदांत दुधाळ्याच्या भूकंपमापकावर येईल, पण त्या क्षणी हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या पट्ट्या संथ असतील. दूरच्या कृष्णविवरांची लहर मात्र अमेरिका, इटली, जपान आणि हिंगोली या सर्व ठिकाणी, प्रकाशाला पृथ्वी ओलांडायला लागतो तेवढ्याच वेळाच्या आत, एकामागून एक उमटत जाईल.